ग्वाल्हेरची चांदीची आगगाडी

हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात. पण हौस राजाची असेल तर तिचं मोल कोणीतरी मोजतंच. कधी प्रजा मोजते, कधी जंगलातला वाघ मोजतो. आणि कधी त्याच हौसेतून असं काही उभं राहतं की शंभर वर्षं लोक त्याचा फायदा घेतात. एकाच माणसाच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी घडल्या. तो माणूस म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (1876–1925).

आता तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेर कुठे आणि आपलं नगर कुठे? पण हे अंतर वाटतं तेवढं नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी बोलताना आपण अजून नगरच म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो. पारनेर तालुक्यातल्या जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. श्रीगोंदा शिंद्यांच्या जहागिरीत होतं. इतकंच काय, आपला भुईकोट किल्लासुद्धा शेवटी शिंद्यांकडेच होता. 1803 साली दौलतराव शिंद्यांच्या सैन्याकडून तो इंग्रजांनी घेतला. 8 ऑगस्टला आर्थर वेलस्ली नावाच्या सेनापतीने पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला किल्ला पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला! नगरनंतर महिन्या-दीड महिन्यात, 23 सप्टेंबरला, असईची लढाई झाली आणि तिथे शिंद्यांच्या जवळजवळ शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

या तोफा साध्या नव्हत्या बरं का. महादजींनी द बॉयन्य नावाच्या फ्रेंच बोलणाऱ्या सेनापतीला नोकरीत ठेवून कवायती फौज उभी केली होती. आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना काढला होता आणि तो सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस बघत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्यांचा डिफेन्स प्रॉडक्शनचा प्लँट होता. म्हणजे यंत्रांचं वेड या घराण्यात पहिल्यापासूनच होतं. फरक एवढाच, की महादजींना यंत्रं लढाईसाठी लागत होती. पुढे 1844 च्या तहाने ग्वाल्हेरच्या सैन्यावर आणि तोफांवर इंग्रजांनी मर्यादा घातली. 1858 नंतर तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरही इंग्रजांचीच फौज बसली, ती 1886 पर्यंत. शिंदे राजे राहिले, पण लढाई करायची मुभा राहिली नाही.

अशा घरात 20 ऑक्टोबर 1876 ला माधवरावांचा जन्म झाला. वडील जयाजीराव. 1886 मध्ये वडील वारले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. कारभार काही वर्षं कौन्सिलने चालवला आणि 1894 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सगळे अधिकार त्यांच्या हाती आले. अठराव्या वर्षी आपण सीईटीचा स्कोअर आणि कॅप राउंडची लिस्ट बघत बसलेले असतो. त्यांच्याकडे तेव्हा एक अख्खं संस्थान होतं!

राहायचा महाल पण तसाच. जयाजीरावांनी 1874 मध्ये जयविलास पॅलेस बांधून घेतला. त्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरं आहेत. एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या आसपास सांगतात. एवढं वजन छत पेलेल का याची खात्री करायला आधी छतावर हत्ती चढवून चालवले, अशी गोष्ट तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. सिव्हिलच्या मित्रांनी याला लोड टेस्ट म्हणायला हरकत नाही. अशी टेस्ट आपल्या लॅबमध्ये मात्र कोणी करू देणार नाही.

माधवरावांना मात्र झुंबरांपेक्षा इंजिनांचं वेड होतं. रेल्वेचं इंजिन स्वतः चालवायला त्यांना मनापासून आवडायचं. राजाने हत्तीवरून मिरवायचं, तर हे महाशय कोळशाच्या धुरात फूटप्लेटवर उभे! याच वेडातून ती जगप्रसिद्ध चांदीची आगगाडी आली. ही आगगाडी म्हणजे खऱ्या गाडीचं छोटं मॉडेल. इंग्लंडमध्ये बनवून घेतलेलं. जयविलासच्या मोठ्या जेवणाच्या टेबलावर तिचे रूळ आहेत. विजेवर चालणारं इंजिन आणि मागे सात डबे. सातच का? तर शिंदे हे नाव इंग्रजीत लिहायला सात अक्षरं लागतात, एस, सी, आय, एन, डी, आय, ए, आणि प्रत्येक डब्यावर एक अक्षर. डब्यांमध्ये काचेची पात्रं. जेवण झालं की ही गाडी मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. ज्याला हवं त्याने पात्र उचलायचं. उचललं की गाडी थांबायची आणि जागेवर ठेवलं की परत चालू व्हायची.

मला या गाडीत चांदीपेक्षा हा भाग जास्त भारी वाटतो. वजन आहे तोवर सर्किट पूर्ण, वजन उचललं की सर्किट तुटलं. मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्रॅमिंग नाही, सेन्सर हा शब्दसुद्धा तेव्हा कोणाच्या तोंडी नसेल. आपल्या सेमिनारमध्ये आपण ऑटोमेशनच्या ज्या व्याख्या पाठ करतो त्या सगळ्या या टेबलावर चालत होत्या. मॉडेल म्हणजे नुसती मोठ्या वस्तूची छोटी कॉपी नाही. ते चाललं पाहिजे आणि एखादा प्रश्न सोडवून दाखवलं पाहिजे.

अर्थात, मॉडेल म्हटलं की डेमोच्या दिवशी दगा देणार हे आलंच. एकदा म्हणे व्हाइसरॉयच्या मेजवानीत शॉर्ट सर्किट झालं आणि ही गाडी थांबायचं नावच घेईना. टेबलावर सुसाट पळत तिने बड्या बड्या साहेबांच्या कपड्यांवर खाणंपिणं उडवलं, असा किस्सा सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण प्रोजेक्ट एक्झाममध्ये एक्स्टर्नलसमोर ज्यांचा रोबो भलतीकडे पळाला असेल, त्यांना या किश्श्याने नक्कीच धीर येईल.

आता खऱ्या आगगाडीकडे येऊ. टेबलावरची गाडी बघून महाराजांना रेल्वे सुचली असं मात्र समजू नका. खरी गाडीही त्यांनी तरुणपणीच सुरू केली होती. 1890 च्या दशकात ग्वाल्हेरला त्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक छोटी लाईन टाकली. रुळांमधलं अंतर फक्त 610 मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. आपल्या दौंड-मनमाड लाईनचं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर असतं, म्हणजे पावणेतीन पट. माथेरानची गाडी आठवते ना? तिचंही अंतर 610 मिलिमीटरच आहे, पण ती 1907 मध्ये सुरू झाली. ग्वाल्हेरची त्याआधीची.

महाराजांची हौस इथेच थांबली असती तर तिची आठवण आज फक्त गाईड लोकांना राहिली असती. पण त्यांनी ती लाईन वाढवायचं ठरवलं. संस्थानाच्या खर्चाने एका बाजूला भिंड आणि दुसऱ्या बाजूला शिवपुरीपर्यंत रूळ गेले. 1899 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या हस्ते या ग्वाल्हेर लाइट रेल्वेचं उद्घाटन झालं. मग तिसरा फाटा पश्चिमेला निघाला. 1904 मध्ये तो सबळगढला आणि 1909 मध्ये श्योपूरला पोहोचला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर जवळजवळ 200 किलोमीटर. दोन फुटी रुळांवर एवढ्या लांबची गाडी जगात क्वचितच कुठे धावली असेल.

दोन फुटी गेज का, हा प्रश्न व्हायवात नक्की विचारतील. उत्तर सोपं आहे. रूळ हलके, इंजिन हलकं, पूल छोटे, भराव कमी. वळण जास्त तीव्र घेता येतं म्हणून डोंगर फोडायचं काम कमी. थोडक्यात काय, तर खर्च कमी. तोटाही आहेच. वेग कमी आणि माल कमी. आपल्याकडे कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली ती याच विचाराने. तिचं गेज थोडं मोठं, अडीच फूट. ज्या भागात मोठी रेल्वे परवडत नाही तिथे छोटी न्या, पण न्या, हा तो विचार.

आणि त्या काळात रेल्वे नसणं म्हणजे काय असतं हे आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. 1876-77 च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. दौंड-मनमाड लाईनच्या मातीकामावर तेव्हा दुष्काळी मजूर राबले आणि 1878 मध्ये ती लाईन सुरू झाली. एका गावात धान्य पडून आहे आणि पन्नास मैलांवर लोक उपाशी आहेत, असं बैलगाडीच्या जमान्यात होऊ शकत होतं. 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ तर मध्य भारतातही भयानक होता. अशा वेळी दोन फुटी का होईना, पण रूळ असणं ही चैन नव्हती.

ही श्योपूरची गाडी किती चालली असेल? मार्च 2020 पर्यंत! कोरोनाच्या वेळी ती थांबली ती कायमचीच, आणि तिच्या जागी ब्रॉडगेजचं काम हाती घेतलं गेलं. शेवटपर्यंत तिला गर्दी असायची. आत जागा नाही म्हणून टपावर बसलेल्या लोकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दहा-अकरा तास लागायचे, पण तिकीट स्वस्त आणि गाडी दारातून जाणारी. राजाच्या खेळण्यात शेतकरी, विद्यार्थी, दूधवाले सगळे शंभर वर्षं बसले.

इथपर्यंत वाचून माधवराव म्हणजे एकदम आदर्श राजा असं वाटेल. पण त्यांचा दुसरा छंदही सांगायला हवा. तो म्हणजे बंदूक.

शिंद्यांची जुनी शस्त्रं, तलवारी, बंदुका आज जयविलासच्या म्युझियममध्ये काचेमागे आहेत. माधवरावांच्या बंदुका मात्र काचेमागे नव्हत्या, जंगलात होत्या. ते नामांकित शिकारी होते. त्यांनी स्वतः मारलेल्या वाघांचा आकडा सातशे-आठशेपर्यंत सांगितला जातो. व्हाइसरॉय असो की युवराज, ग्वाल्हेरला आला की वाघाची शिकार हा कार्यक्रम ठरलेला. शिवपुरीच्या जंगलात पंचम जॉर्जसाठी जॉर्ज कॅसल नावाची इमारत उभी केली. वाघ कसा मारावा यावर महाराजांनी मार्गदर्शक पुस्तकसुद्धा लिहिलं. म्हणजे मॅन्युअलच म्हणा ना! इंजिनाकडे ज्या बारकाईने बघायचे त्याच बारकाईने ते शिकारीकडे बघत. ज्या घराण्याच्या तोफांना एके काळी दिल्ली दबकून असायची, त्या घराण्याच्या बंदुकीला आता वाघच उरले होते. इंग्रज सरकारलाही ते सोयीचंच होतं. राजा शिकारीत रमला म्हणजे बरं.

त्या काळात सगळेच राजे शिकार करत, हे खरं आहे. पण पुढची गोष्ट फक्त ग्वाल्हेरची. वाघ होते, पण सिंह नव्हते. ते या जंगलांतून आधीच संपले होते. तेव्हा महाराजांनी आफ्रिकेतून, ॲबिसिनियाहून म्हणजे आजच्या इथिओपियातून, सिंह मागवले. त्यांना काही वर्षं ठेवून, वाढवून, 1916 च्या सुमारास श्योपूरकडच्या जंगलात सोडलं. झालं काय? सिंहांना गुरं मारणं सोपं वाटलं. मग माणसांवरही हल्ले झाले. शेवटी ते सिंह पकडावे किंवा मारावे लागले आणि प्रयोग फसला. ज्यांची गुरं गेली, माणसं गेली, त्यांना कोणी विचारलं होतं? त्यांच्या दृष्टीने ती महाराजांची हौस होती आणि बिल त्यांच्या नावावर फाटलं.

याच काळात आणखी एक मोठी दुर्घटना झाली. ग्वाल्हेरजवळ तिगरा इथे संस्थानाने धरण बांधलं. शहराला पाणी मिळावं हा चांगला हेतू. पण 1917 च्या ऑगस्टमध्ये, पुराच्या पाण्यात, ते फुटलं. भिंत जिथे उभी होती तो पायाच्या खालचा वालुकाश्म दगा देणारा निघाला. बरीच माणसं गेली, हजाराच्या घरात आकडा सांगतात. धरणं का फुटतात हे शिकवताना आजही तिगराचं नाव घेतलं जातं. धरण पुन्हा बांधलं गेलं आणि ग्वाल्हेर आजही तिथलं पाणी पितं. पण त्या हजार माणसांचं काय? टेबलावरची गाडी घसरली तर कपडे खराब होतात. धरण घसरलं तर गावं जातात. स्केल बदललं की चुकीची किंमतही बदलते. ती नुसती मापाच्या पटीत वाढत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जाते. मला वाटतं, फॅक्टर ऑफ सेफ्टीचं गणित सोडवताना हे एकदा तरी आठवावं.

महाराजांच्या पैशाने मात्र काही मोठी कामं नक्कीच उभी राहिली. 1907 मध्ये टाटांची लोखंड-पोलादाची कंपनी निघाली. तिला खेळतं भांडवल हवं होतं तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. 1900 मध्ये चीनमधल्या लढाईसाठी त्यांनी हॉस्पिटल जहाज सज्ज करून दिलं आणि स्वतःही तिकडे गेले. पहिल्या महायुद्धात पुन्हा संस्थानिकांच्या पैशातून एक हॉस्पिटल जहाज निघालं, त्यात त्यांचाच पुढाकार होता. त्या जहाजाचं नाव लॉयल्टी, म्हणजे राजनिष्ठा. अर्थात इंग्रजांवरची.

आणि इथे इतिहासाने गंमत केली. युद्ध संपल्यावर ते जहाज आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी विकत घेतलं. कंपनीचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 ला हीच लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, भारतीय मालकीची, इंग्रज कंपन्यांशी स्पर्धा करायला! म्हणून 5 एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो. राजनिष्ठेसाठी घेतलेलं जहाज स्वदेशीच्या कामाला आलं. यंत्राला मालकाचं मत नसतं, हेच खरं.

माधवरावांना फार आयुष्य लाभलं नाही. 5 जून 1925 ला पॅरिसमध्ये ते वारले. वय फक्त अठ्ठेचाळीस. शिवपुरीला त्यांच्या आईच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे. 1957 मध्ये ग्वाल्हेरला त्यांच्या नावाने इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. ते आज माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स म्हणून ओळखलं जातं. म्हणजे आपल्यासारखीच सबमिशनला रात्र जागणारी मुलं तिथे महाराजांच्या नावाखाली शिकतात.

आणि बंदुकीचं काय झालं? ज्या शिवपुरीच्या जंगलात वाघ मारले जायचे ते आज माधव नॅशनल पार्क आहे. तिथले वाघ संपले. 2023 मध्ये बाहेरून वाघ आणून पुन्हा सोडावे लागले आणि मार्च 2025 मध्ये ते जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालं. श्योपूरकडे, जिथे महाराजांचे सिंह फिरले, तिथे कुनोच्या जंगलात सप्टेंबर 2022 मध्ये आफ्रिकेतून चित्ते आणले. अशा छंदांनी जे गेलं ते परत आणायला सरकार, शास्त्रज्ञ, विमानं, कॉलर आणि कितीतरी कोटी रुपये लागतायत.

एकाच माणसाचे हे दोन छंद. हात तेच, बुद्धी तीच, पैसाही तोच. आगगाडीचा छंद दुसऱ्यांना बसायला जागा देत गेला, बंदुकीचा छंद दुसऱ्यांची जागा घेत गेला. आपल्यातही मॉडेल बनवणारे आहेत, एरोमॉडेलिंगवाले आहेत, जुन्या वस्तू जमवणारे आहेत, गो-कार्टवर पॉकेटमनी उडवणारे तर प्रत्येक हॉस्टेलमध्ये सापडतील. खुशाल उडवा! छंद नसलेला इंजिनिअर म्हणजे नुसता डिग्रीचा कागद. फक्त आपल्या छंदात दुसऱ्या कोणाला बसता येतं का, आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय, एवढं मधूनमधून बघत राहू. डोकं आणि हात आपल्याकडेही आहेत. चांदी नसली तरी चालेल, आपलं भागतंय पत्र्यावर.

जाता जाता एकच सांगतो. कधी ग्वाल्हेरला गेलात तर झुंबरं बघाच, पण डायनिंग टेबलापाशी जरा जास्त वेळ थांबा. आणि तिकडे जायला वेळ नसेल तर रविवारी जामगावला जा. आपल्या कॉलेजपासून लांब नाही. वाड्याच्या दारात उभं राहिलं की या सगळ्या रुळांची सुरुवात कुठून झाली ते कळतं.